परक्या उंबऱ्यावर जाताना

(आपल्या रेडिओवर झालेलं हे भाषण ऐकणाऱ्या मैत्रिणींच्या मागणीवरून छापत आहोत.)

दुपारची कामं आटोपली असतील, नसतील तर हातातलं काम करता करता ऐका. निवडायचे तांदूळ मांडीवर असले तरी चालेल. आज मी तुम्हाला माझ्या एका प्रवासाची गोष्ट सांगणार आहे. त्या प्रवासात मी एक चूक केली. मोठी चूक होती, पण सोबतच्या बाईनं मला सांभाळून घेतलं. ती चूक तुमच्यापुढे मांडावी म्हणूनच आज बसले आहे.

आमच्या ह्यांची नोकरी काही वर्षं आफ्रिकेत होती, युगांडा देशातल्या कंपाला शहरात. मीही अडीच वर्षं तिथं राहिले. गावी आले की बाया विचारायच्या, "आफ्रिकेत कसं असतं गं?" मला हसू यायचं. आफ्रिका हा काही एक देश नाही. तिथं 54 देश आहेत. आपल्याकडे कोकणातली रीत विदर्भात चालत नाही, मग 54 देशांची रीत एक कशी असेल? पण हे शहाणपण मला नंतर आलं. आधी मीही तसंच धरून चालले होते. युगांडात दोन वर्षं काढली, म्हणजे शेजारचा देशही आपल्याला कळला, असं मला वाटत होतं.

आमच्या शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, मी त्यांना ताईच म्हणायचे. त्यांचं माहेर युगांडाला लागून असलेल्या रवांडा देशात. 2017 सालच्या सप्टेंबरात त्या माहेरी निघाल्या आणि म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर, आईला भेटून येऊ." मी निघाले.

रवांडा देश लहान आहे. आपले पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर जवळपास तेवढा. सगळीकडे टेकड्याच टेकड्या. म्हणून त्याला हजार टेकड्यांचा देश म्हणतात. टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत शेतं, केळीच्या बागा, वाल-घेवड्याचे वेल, मध्येमध्ये घरं. रान मोकळं असं फारसं दिसतच नाही.

सीमेवरच बदल सुरू झाला

कंपालाहून रवांडाची राजधानी किगाली साधारण पाचशे किलोमीटर. पहाटेची बस धरली. वाटेत विषुववृत्त लागतं, तिथं रस्त्याच्या कडेला खूण केलेली आहे. पुढे लुकाया नावाच्या गावाशी बस थांबली की विकणारे खिडकीशी धावत येतात. भाजलेली केळी, काडीला लावलेलं मांस, पाण्याच्या बाटल्या. मी शाकाहारी, गरम गरम भाजलेली केळी घेतली. सगळी बस खात होती, बोलत होती, हसत होती.

संध्याकाळ व्हायच्या आत गातुनाच्या सीमेवर पोचलो. खाली उतरून कागद दाखवायचे, शिक्का घ्यायचा, आणि पायी चालत पलीकडे जायचं. माझ्या पिशवीत मेथीचे लाडू, चटणी, थालिपिठाची भाजणी, सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं. तपासणीवाल्यानं खाणं तसंच ठेवलं, पण पिशव्या तेवढ्या काढून घेतल्या. रवांडानं 2008 सालापासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे आणि ती नुसती कागदावर नाही. शेवटी ताईंनी त्यांच्या पिशवीतलं एक कापड फाडलं आणि माझी भाजणी त्यात बांधून दिली. आपल्या महाराष्ट्रातही 2018 साली अशी बंदी आली. तेव्हा मला त्या सीमेची आठवण झाली. आठवडी बाजारात आज किती पिशव्या दिसतात, ते मी सांगायला नको.

पलीकडे गेल्यावर घड्याळ एक तास मागे करावं लागलं. युगांडात गाड्या आपल्यासारख्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, रवांडात उजव्या बाजूनं. मोटारसायकलवर युगांडात तीन-तीन माणसं बसलेली मी रोज पाहायची. इथं मागे एकच माणूस आणि त्याच्याही डोक्यावर हेल्मेट. बसमधला गोंधळही आपोआप कमी झाला. माणसं हळू आवाजात बोलायला लागली.

किगालीच्या न्याबुगोगो बसस्थानकावर उतरलो. मला भूक लागली होती. मी चालता चालता लाडू काढला आणि तोंडात टाकला. ताईंनी हलकेच माझा हात धरला आणि म्हणाल्या, "इथं मोठी माणसं रस्त्यात चालताना खात नाहीत. आत बसून खाऊ." मी पाहिलं, तर खरंच, एवढ्या गर्दीत कुणीही चालताना खात नव्हतं. सकाळी ज्या गोष्टीचं कुणाला काहीच वाटलं नव्हतं, ती संध्याकाळी असभ्य ठरली होती. मी तीच, लाडूही तेच, फक्त गाव बदललं होतं.

गुडघे टेकले आणि आजी हसल्या

दुसऱ्या दिवशी पूर्वेकडच्या त्यांच्या गावी गेलो. ताईंच्या आई दारातच उभ्या होत्या. मला वाटलं, आता आपली शिकलेली रीत दाखवावी. युगांडातल्या बुगांडा भागात बाया वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून नमस्कार करतात. ते मी शिकले होते. मी आजींच्या पुढे गुडघे टेकले. आजी एकदम पुढे आल्या, दोन्ही दंडांना धरून मला उठवलं, मिठी मारली आणि मग हात हातात घेतला. हात मिळवताना डावा हात उजव्या हाताला लावायचा, तो त्यांच्याकडचा आदर. "मुराहो," त्या म्हणाल्या. म्हणजे नमस्कार. मग "अमाकुरु?" म्हणजे काय खबरबात? उत्तर द्यायचं, "नि मेझा." म्हणजे सगळं ठीक. "मुराकोझे" म्हणजे आभार. हे चार शब्द मी आठ दिवस वापरले आणि प्रत्येक वेळी समोरचं माणूस खुललं.

बसल्याबरोबर हातात दुधाचा पेला आला. ताजं नव्हे, विरजलेलं, दाटसर. त्याला इकिवुगुतो म्हणतात. आपल्या ताकापेक्षा घट्ट आणि दह्यापेक्षा पातळ. रवांडात गाय म्हणजे घराचा मान. कुणाचे आभार मानताना, कुणाचं भलं चिंतताना "गिरा इंका" म्हणतात. "तुझ्याकडे गाय असो," असा त्याचा अर्थ.

त्याच नावाची एक सरकारी योजना 2006 साली सुरू झाली, गिरिंका. गरीब कुटुंबाला एक गाय द्यायची. अट एकच. त्या गाईला पहिली कालवड झाली की ती शेजारच्या दुसऱ्या गरीब कुटुंबाला द्यायची. 2018 साली आपल्या पंतप्रधानांनी रवांडाच्या भेटीत रवेरू गावाला 200 गाई दिल्या, त्या याच योजनेत. आजींच्या दारातली गायही अशीच आलेली होती. त्यांनी पहिली कालवड खालच्या आळीतल्या एका बाईला दिली होती. ती बाई रोज सकाळी हाक मारून जायची. मला हे फार आवडलं. घेणारी बाई उद्या देणारी होते, मग तिला मान खाली घालावी लागत नाही. आपल्या गटांतून शेळ्या-कोंबड्यांचं वाटप होतं, तिथं असं काही जमेल का, याचा विचार करून पाहा.

जेवायला उकडलेली कच्ची केळी, घेवडा आणि कसाव्याच्या पाल्याची भाजी होती. पाला उखळात कुटून, शेंगदाण्याचं कूट घालून शिजवलेला. आपल्या अळूच्या फदफद्याची आठवण झाली. शाकाहारी बाईची तिथं उपासमार होत नाही.

शेणानं ओळख करून दिली

त्या भागात बायका इमिगोंगो नावाची कला करतात. शेणात राख कालवायची, लाकडी फळीवर बोटांनी उंच-उंच रेघा काढायच्या, त्रिकोण, चौकट, वळसे. वाळलं की घासून गुळगुळीत करायचं आणि वर काळा, पांढरा, तांबूस असे रंग द्यायचे. पूर्वी घराच्या भिंतींवर असायचं. 1994 नंतर ही कला बायकांच्या गटांनी पुन्हा उभी केली आणि आता त्या फळ्या विकून कमाई करतात.

ताई मला तशा एका जागी घेऊन गेल्या. बायका काम करत बसल्या होत्या. माझ्याकडे कुणी फारसं पाहत नव्हतं. परक्या बाईनं नाकाला पदर लावावा अशीच त्यांची सवय असावी. मी बसले, बाही वर केली आणि शेणात हात घातला. एकदम हशा पिकला. मी ताईंना म्हटलं, त्यांना सांगा, माझ्या आईनं मला सारवायला शिकवलंय, सणाला आम्ही त्यावर रांगोळीही काढतो. ताईंनी सांगितलं. मग एकेक जण सरकून जवळ आली. अर्ध्या तासात मी त्यांना गोपद्म काढून दाखवलं आणि त्यांनी मला त्यांची रेघ कशी ओढायची ते शिकवलं.

त्या बायकांची बचतही होती. अशा गटांना तिथं इबिमिना म्हणतात. ठरलेल्या दिवशी जमायचं, पैसे टाकायचे, गरजेप्रमाणे कर्ज घ्यायचं, आणि कुणाच्या घरी आजारपण किंवा मरण आलं तर त्यातून मदत करायची. आपला बचत गट आणि भिशी यांच्या मधलं काहीतरी. वही कोण लिहितं, हप्ता चुकला तर काय करता, असे सगळे प्रश्न मी विचारले आणि त्यांनी उत्तरं दिली.

जो प्रश्न ताईंनी पोचवला नाही

आता माझी चूक सांगते.

सगळं इतकं मोकळं झालं होतं की मला वाटलं, आता काहीही विचारायला हरकत नाही. रवांडात हुतू आणि तुत्सी असे दोन समाज आहेत आणि त्यांच्यात मोठी कत्तल झाली होती, एवढं मी ऐकून होते. त्या रात्री चुलीशी बसलेलो असताना मी ताईंना म्हटलं, "आजींना विचारा ना, तुम्ही लोक दोघांपैकी कोण?"

ताई थांबल्या. मग आजींकडे वळून काहीतरी बोलल्या. आजी हसून शेतातल्या घेवड्याबद्दल बराच वेळ सांगत राहिल्या. तेव्हा मला कळलं, की माझा प्रश्न आजींपर्यंत गेलाच नव्हता. ताईंनी दुसरंच काही विचारलं होतं.

झोपताना ताई मला म्हणाल्या, "तू वाईट मनानं विचारलं नाहीस, मला माहीत आहे. पण हा प्रश्न विचारून आमच्याकडे माणसं मारली आहेत."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. नंतर मीही वाचलं. हुतू, तुत्सी आणि संख्येनं अगदी थोडे असलेले ट्वा, हे सगळे एकाच भाषेत बोलतात, एकाच टेकडीवर शेजारी राहतात. हे भेद जुने होते, पण ते बरेचसे गुराढोरांशी, सत्तेशी जोडलेले होते आणि काही वेळा बदलूही शकत. पुढे बेल्जियमचं राज्य आलं. 1930 नंतरच्या दशकात त्यांनी प्रत्येकाच्या ओळखपत्रावर समाजाचं नाव लिहायला सुरुवात केली. कागदावर लिहिलं की ते पक्कं झालं. बापाचं पोराला लागलं. स्वातंत्र्यानंतरही ती कार्डं तशीच राहिली.

7 एप्रिल 1994 पासून साधारण शंभर दिवसांत तिथं 8 ते 10 लाख माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी, आणि त्यांना वाचवू पाहणारे, कत्तलीला विरोध करणारे हुतूही. रस्त्यारस्त्यांवर अडथळे उभे केले होते. तिथं माणसाला थांबवून कार्ड मागायचे. कार्डावर काय लिहिलंय, त्यावर जगणं-मरणं ठरायचं. मारणारे पुष्कळदा शेजारीच होते.

त्यानंतर ओळखपत्रावरचा तो रकाना काढून टाकला. गावोगाव, झाडाखाली, अंगणात गावपंचांसारखी न्यायालयं बसली. गचाचा असं त्यांचं नाव. ती 2012 पर्यंत चालली. मारणारे आणि ज्यांची माणसं गेली ते, दोघांनाही पुन्हा त्याच टेकडीवर राहायचं होतं, त्याच विहिरीचं पाणी भरायचं होतं. म्हणून आज तिथं कुणी कुणाला "तू कोण?" असं विचारत नाही. दर वर्षी 7 एप्रिलपासून मेलेल्यांची आठवण केली जाते, तेव्हा बोलतात, रडतात. पण एखाद्या पाहुणीनं चुलीशी बसून सहज विचारावं, असा तो विषय नाही.

मी त्या रात्री झोपले नाही. मला लाज वाटत होतीच, पण दुसरंच काही डोक्यात फिरत होतं. मी असा प्रश्न इतक्या सहज का विचारला? कारण तो विचारायची मला सवय होती. आपल्याकडे नवी बाई गटात आली की आपण नाव विचारतो. मग आडनाव. आडनावावरून कळलं नाही तर गाव, मग आळी, मग "म्हणजे तुम्ही कोण?" आपण म्हणतो, सहज विचारलं. पण त्यानंतर तिच्या घरचं पाणी प्यायचं की नाही, तिच्या डब्यातली भाजी घ्यायची की नाही, हे मनात ठरतं. विचारणारीला तो प्रश्न साधा वाटतो. जिला विचारला तिच्या पोटात गोळा येतो. हे मला माझ्या गावात चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. ते परक्या देशातल्या एका शिंपीणताईनं कळवलं.

शनिवारचं काम

महिन्याचा शेवटचा शनिवार आला. त्या दिवशी तिथं उमुगांडा असतो. सकाळी आठ ते अकरा सगळ्यांनी सार्वजनिक कामाला यायचं, 18 ते 65 वयाच्या माणसांनी. दुकानं बंद, गाड्या थांबलेल्या. कुठं रस्ता, कुठं गटार, कुठं शाळेची खोली. आम्ही टेकडीच्या उतारावर चर खणले, पावसानं माती वाहून जाऊ नये म्हणून. आपले समतल चर असतात ना, अगदी तसेच. मला कुदळ चालवता येते हे पाहून पुन्हा सगळे हसले. काम झालं की तिथंच बैठक. पाण्याचं काय, विम्याचे पैसे कुणी भरले नाहीत, कुणाची पोरं शाळेत येत नाहीत.

हे सगळ्यांना मनापासूनच आवडतं असं समजू नका. न आलेल्याला दंड होऊ शकतो, आणि सक्ती म्हटली की कुरकुर आलीच. आपल्या ग्रामस्वच्छता अभियानात श्रमदान होतं, पण ते फोटोच्या दिवशी जोरात आणि पुढे थंड. तिथं सक्ती आहे आणि सातत्यही. त्यातलं काय घ्यावं हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी एवढंच पाहिलं, की बैठकीत बाया उभ्या राहून बोलत होत्या आणि कुणी त्यांना बसवत नव्हतं.

त्यालाही कारण आहे. कत्तलीनंतर घरं बायकांनीच उभी केली. पुष्कळ विधवा झाल्या होत्या, आणि नवऱ्याची किंवा बापाची जमीन त्यांच्या नावावर होत नव्हती. 1999 साली कायदा झाला आणि मुलीला मुलाइतकाच वारसा मिळाला. 2003 च्या राज्यघटनेनं निर्णयाच्या जागांवर किमान 30 टक्के बायका असल्याच पाहिजेत असं ठरवलं. 2008 मध्ये त्यांच्या लोकसभेसारख्या सभागृहात निम्म्याहून जास्त बायका निवडून आल्या. जगात असं पहिल्यांदाच घडलं. आपल्या ग्रामपंचायतींतही निम्म्या जागा आपल्या आहेत. त्या जागेवर आपण बोलतो, की नवरा बोलतो, ते ज्याच्या त्याच्या घरी माहीत.

जाताना काय घेऊन जायचं

मैत्रिणींनो, तुम्ही रवांडाला जालच असं नाही. पण परकी संस्कृती काही फक्त विमानानं जाऊन भेटत नाही. ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात जाल, लेक कर्नाटकात दिली असेल, शेजारी बिहारचं कुटुंब वीटभट्टीवर आलं असेल. म्हणून मी शिकले ते चार शब्दांत सांगते.

पहिलं, शेजारचं म्हणजे सारखंच, असं धरू नका. दुसरं, त्यांचे दोन-चार शब्द शिका. चुकले तरी चालतात. तिसरं, एखादी रीत विचित्र वाटली तर नाव ठेवण्याआधी तिचं कारण शोधा, बहुतेक वेळा सापडतं. चौथं, पाहुणीनं आधी हाताला काम द्यावं, तोंडाला नंतर. शेणात हात घातल्यावर मला जे कळलं, ते प्रश्न विचारून कळलं नसतं. आणि पाचवं, काही प्रश्न आपले नसतात. समोरच्यानं आपणहून सांगितलं तर ऐकायचं, नाहीतर घेवड्याबद्दल बोलायचं.

निघताना आजींनी मला विणलेली एक छोटी टोपली दिली, टोकदार झाकणाची. तिला अगासेके म्हणतात. लग्नात, मानाच्या वेळी देतात. कत्तलीनंतर दोन्हीकडच्या विधवा एकत्र बसून या टोपल्या विणायला लागल्या, म्हणून तिला शांततेची टोपलीही म्हणतात. ती आज माझ्या देवघरात आहे. आजी दोघांपैकी कोण होत्या, हे मला अजून माहीत नाही. ते माहीत नसल्यानं माझं काही अडलेलं नाही.

पुढच्या बैठकीत गटात एवढं बोला: नवी बाई आली की आपण तिला पहिले तीन प्रश्न कोणते विचारतो? आणि ते कशासाठी विचारतो?

येते मी. नमस्कार.